डायरी लिहून आयुष्याला दिशा मिळते, की आपण नुसतं उगाळत बसतो?

अर्धविराम | सोमवार, रात्री 10:42

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण हा विषय डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतेय.

मी बरीच वर्षं हिशेबाच्या कामात आहे. काम जमतं, पगार वेळेवर होतो, वरिष्ठ बरे आहेत. तक्रारीला जागा नाही. पण ऑफिसात नवीन आलेल्या मुलांना ताळेबंद का जुळत नाही हे समजावून सांगताना जी मजा येते, ती बाकी दिवसभरात कशातच येत नाही. नोकरी सोडून पूर्णवेळ शिकवावं का? हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की आता तो प्रश्न राहिलाच नाही, चाळा झालाय.

एका मैत्रिणीनं सुचवलं की रोज डायरी लिही, आयुष्याची गोष्ट लिहून काढ. लेखिका तूच, पुढचं प्रकरण कसं असावं तेही तूच ठरव. बसले. पहिलं वाक्य उतरलं ते असं: "माझ्या आयुष्यातले सगळे मोठे निर्णय दुसऱ्यांनी घेतले." आणि पेन थांबलं. हे खरं असेल तर पुढचं प्रकरण मी कोणत्या तोंडानं लिहिणार?

तर विचारायचंय हे, की लिहिल्यामुळे कुणाच्या आयुष्याला खरोखर वळण लागलंय का? मन हलकं होतं वगैरे ठाऊक आहे, ते नको. लिहिल्यामुळे काही वेगळं केलंत का? की लिहीत राहिल्यामुळे करायचं राहून गेलं?

मनमोकळी | सोमवार, रात्री 11:15

मी लिहिते, पण नेमानं नाही. वळण म्हणता येईल की नाही माहीत नाही, पण एक नातं संपवायला डायरीची मदत झाली हे नक्की. जुनी पानं चाळताना दिसलं की दर दोन-तीन महिन्यांनी मी एकच वाक्य लिहीत होते: "या वेळी मात्र तो खरंच बदललाय असं वाटतं." तारखा वेगळ्या, शाई वेगळी, वाक्य तेच. मैत्रिणी हेच कानीकपाळी ओरडत होत्या आणि मी त्यांच्याशीच भांडत होते. स्वतःच्या अक्षराशी कसं भांडणार?

शंकासुर | सोमवार, रात्री 11:31

माझ्याकडच्या सगळ्या डायऱ्यांत फक्त जानेवारीचा पहिला आठवडा आहे. पुढच्या पिढ्यांना वाटेल की हा माणूस दर वर्षी 8 तारखेला वारायचा. हलकेच घ्या.

आता थोडं गंभीर. "आपल्या आयुष्याचे लेखक व्हा" हे वाक्य ऐकलं की माझा हात आपोआप पाकिटावर जातो. पुढचं वाक्य बहुधा शिबिराच्या फीचं असतं. माणसाच्या हातात असतं किती? घरची आजारपणं, कर्ज, मंदी, वय. गोष्ट कितीही झकास लिहिली तरी हप्ता चुकत नाही. उलट या सगळ्या प्रकारात एक छुपा टोमणा आहे, की तुमचं वाईट चाललंय ना, म्हणजे तुम्ही गोष्टच वाईट लिहिलीत. जो आधीच दबलेला आहे त्याच्या डोक्यावर हे आणखी एक ओझं.

कोडगा | सोमवार, रात्री 11:38

8 तारखेला फुटलो. बाकी +1.

चष्मेबद्दूर | मंगळवार, सकाळी 8:05

शंकासुर, शिबिरांबद्दल सहमत. पण सुक्याबरोबर ओलं जाळू नका. मानसशास्त्र हा माझ्या अभ्यासाचा विषय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

लिहिण्याच्या परिणामावरचा पहिला गाजलेला प्रयोग जेम्स पेनेबेकर यांचा, 1986 चा. कॉलेजातल्या मुलांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, आयुष्यातल्या अतिशय त्रासदायक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. दुसऱ्या गटाला किरकोळ विषय दिले. लिहून झाल्या झाल्या पहिल्या गटाचा मूड आणखी खाली गेलेला होता. पण पुढच्या काही महिन्यांत, ज्यांनी घडलेलं आणि वाटलेलं दोन्ही लिहिलं होतं, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतर याच मंडळींनी अशा लिखाणातले शब्द मोजले. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक "कारण", "त्यामुळे", "लक्षात आलं" अशा जातीचे शब्द वाढत गेले त्यांना फायदा जास्त. पहिल्याच दिवशी ज्यांची गोष्ट घोटून तयार होती, त्यांना तेवढा नाही.

फुगवून सांगत नाही. 2006 मध्ये जोआन फ्रॅटारोली यांनी असे 146 अभ्यास एकत्र करून पाहिले. परिणाम आहे, पण छोटा आहे. रामबाण वगैरे काही नाही.

अर्धविराम ताईंच्या प्रश्नाला जास्त जवळचं काम जोनाथन अ‍ॅडलर यांचं, 2012 चं. मानसोपचार घेणाऱ्या 47 जणांकडून उपचारांच्या काळात वेळोवेळी आपली गोष्ट लिहून घेतली. "मी ठरवलं, मी केलं" हा सूर लिखाणात आधी वाढला आणि तब्येत नंतर सुधारली. आधी बरं वाटलं आणि मग गोष्ट बदलली, असं झालं नाही. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो, कारण ताईंचं पेन नेमकं त्याच जागी अडलंय.

रातराणी | मंगळवार, सकाळी 9:20

मी उलटी बाजू सांगते. आईच्या आजारपणात आणि ती गेल्यावर मी रोज रात्री लिहायचे. सगळे म्हणाले लिही, मोकळी हो. काय लिहायचे? "त्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं असतं तर." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, फक्त आणखी तपशिलात. कितीचा ताप होता, कोण काय म्हणालं, मी कोणता फोन उचलला नाही. महिनाभरात माझ्याकडे माझ्याविरुद्धचं आरोपपत्र तयार झालं होतं. वही माळ्यावर टाकली तेव्हा कुठे झोप लागायला लागली.

"लिही" म्हणणाऱ्यांनी हेही सांगत जावं.

चष्मेबद्दूर | मंगळवार, सकाळी 10:02

रातराणी, वाईट वाटलं वाचून. तुम्ही वही बंद केलीत ते योग्यच केलंत. पेनेबेकर स्वतः सांगतात की लिहिताना सहन होत नसेल तर थांबा, विषय बदला. तुम्ही सांगताय ते उगाळणं आहे, आणि सुझन नोलेन-होक्सेमा यांनी दाखवून दिलंय की उगाळण्यानं नैराश्य लांबतं. उगाळणं आणि उलगडणं यांत वरवर काहीच फरक दिसत नाही. दोन्हीत माणूस वही घेऊन बसलेला असतो.

एक युक्ती काही जणांना लागू पडते. स्वतःबद्दल "मी" न म्हणता नाव घेऊन लिहायचं. "अमुक त्या दिवशी फार थकलेली होती, तिच्या हातात एवढीच माहिती होती." ईथन क्रॉस यांनी यावर बरंच काम केलंय, अंतर पडलं की माणूस स्वतःला जरा न्यायानं वागवतो. आता लगेच करा असं म्हणत नाही हं.

जुना_जाणता | मंगळवार, दुपारी 1:47

मी निवृत्त माणूस. नोकरीला लागलो तेव्हापासून रोज एक ओळ लिहितो. कुठे गेलो, कोण भेटलं, काय केलं. भावना लिहीत नाही. आमच्या वेळी ते कुणी शिकवलंही नाही.

निवृत्ती जवळ आली तेव्हा सगळे विचारायचे, पुढे काय. मी सांगायचो, प्रवास करणार. तसं सांगायची पद्धतच असते. एकदा मागच्या काही वर्षांच्या वह्या काढून वाचत बसलो. माझ्या ओळी चार-पाच शब्दांच्या: "बँकेत गेलो. गर्दी." "पाहुणे आले, गेले." प्रवासाच्या दिवशीही तेवढीच: "पोचलो. पाय दुखले." पण ज्या दिवशी कुणाचं बंद पडलेलं घड्याळ उघडलं होतं, त्या दिवशीची ओळ समासात शिरलेली. एका ठिकाणी तर समास संपला म्हणून वही आडवी धरून लिहिलंय, स्प्रिंग कशी निसटली आणि पलंगाखालून कशी शोधली ते. आनंद झाला असं कुठेही लिहिलेलं नाही. ओळ मात्र लांब झाली होती.

आता घड्याळंच दुरुस्त करतो. प्रवास होतो अधूनमधून, बायकोच्या आग्रहानं.

शंकासुर | मंगळवार, दुपारी 2:10

काका, दंडवत घ्या. तुमच्या प्रतिसादानं माझ्या मुद्द्याला सुरुंग लागलाय हे कबूल न करता दंडवत घालतोय.

मनमोकळी | मंगळवार, दुपारी 2:26

वही आडवी धरून!! काका __/\__

अवांतर: हातानं लिहिता की फोनवर? मला फोनवर लिहिलेलं परत वाचवतच नाही. आणि दुसरं, घरात कुणी वाचेल ही भीती कशी घालवता? मी काही गोष्टी इतक्या आडून लिहिते की आता माझ्या मलाच संदर्भ लागत नाही.

कोडगा | मंगळवार, दुपारी 3:00

मी संगणकावर. शोधता येतं हा एकच फायदा, पण तो फार मोठा आहे. "वैताग" हा शब्द शोधला की कोणत्या प्रोजेक्टवर किती वैतागलो ते एका फटक्यात समोर.

तिरका_डोळा | मंगळवार, दुपारी 3:18

वाचण्याच्या भीतीवर एकच उपाय, अक्षर घाण ठेवा. माझं मलाच लागत नाही, घरचे काय वाचणार.

बाकी मूळ विषयावर संध्याकाळी लिहितो, सध्या तालीम आहे.

उगाच_मी | मंगळवार, दुपारी 4:12

आमच्या आजोबांची डायरी ते गेल्यावर सापडली. सगळ्यांना वाटलं काहीतरी गुपित निघणार. निघालं काय? रोजचं पावसाचं मान आणि कोणाकडून किती येणं आहे. काकूनं अजून एका नोंदीचा विषय काढलाय, तिच्या माहेरकडून येणं दाखवलंय म्हणून. :)

तिरका_डोळा | मंगळवार, रात्री 9:40

नाटकं लिहितो, त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा अधिकार आहे असं समजतो.

डायरी आणि गोष्ट या दोन वेगळ्या चिजा आहेत आणि या धाग्यावर त्यांची सरमिसळ झालीय. डायरी लिहिणाऱ्याला शेवट माहीत नसतो. गोष्ट सांगणाऱ्याला माहीत असतो, आणि त्या शेवटाला जे पोषक नाही ते तो कापतो. कापावंच लागतं, नाहीतर प्रेक्षक उठून जातात. काकांची वही म्हणूनच कामाची ठरली, तिला काही सिद्ध करायचं नव्हतं. याउलट काकांनी निवृत्तीच्या समारंभात आयुष्याची गोष्ट सांगितली असती तर त्यात घड्याळ आलंच नसतं, पैजेवर सांगतो.

अर्धविराम, तुमचं ते पहिलं वाक्य आहे ना, ती डायरी नाही. ते नाटकाचं शेवटचं वाक्य आहे, पडदा पडताना म्हणायचं. तुम्ही सुरुवातच शेवटानं केलीत, मग पुढे लिहिणार काय?

तालमीत आम्ही एक प्रकार करतो. एखादं पात्र अडलं की तोच प्रसंग दुसऱ्या पात्राच्या तोंडून सांगायला लावतो. तुमच्या वाक्यातले "दुसरे" कोण? त्यांच्यातल्या एकाला तो प्रसंग सांगू द्या. बघा तो काय म्हणतो.

चष्मेबद्दूर | मंगळवार, रात्री 10:15

तिरकेबुवा, अगदी पटलं. डॅन मॅकअ‍ॅडम्स म्हणून संशोधक आहेत, त्यांनी माणसं आयुष्याची गोष्ट कशी सांगतात हेच आयुष्यभर अभ्यासलं. त्यांना दोन घाट पुन्हा पुन्हा दिसले. एकात वाईटातून काहीतरी चांगलं निघतं. दुसऱ्यात चांगलं चाललेलं नासतं आणि नासलेलंच राहतं. घटना सारख्या असूनही एक माणूस पहिल्या घाटात सांगतो, दुसरा दुसऱ्या. पुढच्या पिढीसाठी झटणाऱ्या माणसांच्या गोष्टींत पहिला घाट जास्त सापडतो असं त्यांचं निरीक्षण.

शंकासुर | मंगळवार, रात्री 10:33

आणि हाच पहिला घाट मला डाचतो! "जे झालं ते चांगल्यासाठीच झालं." कशावरून? काही गोष्टी नुसत्या वाईट असतात. त्यांतून काही निघत नाही. रातराणींनी त्यांच्या वहीत "यातून मी काय शिकले" असं सदर सुरू करायला हवं होतं का?

रातराणी | मंगळवार, रात्री 10:50

@शंकासुर, धन्यवाद. एकानं मला खरंच तसं सुचवलं होतं. त्याच्याशी अजून बोलत नाही.

कोडगा | बुधवार, सकाळी 7:30

तिरकेबुवांच्या मुद्द्याला जोड देतो. आपण लिहून ठेवलं नाही तर आठवण स्वतःच गोष्ट बनवून टाकते. 28 जानेवारी 1986 ला चॅलेंजर यान फुटलं. उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, ही बातमी कळली तेव्हा कुठे होता, कुणी सांगितली. अडीच-तीन वर्षांनी त्यांनाच पुन्हा विचारलं. बऱ्याच जणांची उत्तरं मूळ नोंदीशी जुळेनात, आणि खात्री मात्र भरपूर. म्हणजे "मला लख्ख आठवतंय" याला पुरावा म्हणून किंमत शून्य.

मी म्हणूनच गोष्ट लिहीत नाही, निर्णय लिहितो. मोठं काही ठरवायच्या आधी काय ठरवतोय, का, काय होईल असं वाटतंय, किती खात्री आहे. मग महिन्यांनी उघडतो. नोकरी बदलताना मी लिहिलं होतं, "पैसे हे कारण नाही, नवीन शिकायला मिळेल म्हणून." खाली आकडेमोड केली होती ती सगळी पैशांची, पानभर. शिकण्याबद्दल एक ओळ. तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मनमोकळी | बुधवार, सकाळी 9:05

हे सॉल्लिड आहे. पण रकाने पाडून निर्णय होतो यावर माझा विश्वास नाही. लोक आधी ठरवतात आणि मग रकाने भरतात.

कोडगा | बुधवार, सकाळी 9:20

डार्विननं तेच केलं की. 1838 मध्ये त्यानं चिठोऱ्यावर दोन रकाने पाडले, लग्न करावं आणि करू नये. "करू नये" खाली, पुस्तकांना पैसे उरणार नाहीत, वेळेची भयंकर नासाडी. "करावं" खाली, सोबत होईल, कुत्र्यापेक्षा तरी बरी. आणि शेवटी गणित सुटल्याच्या थाटात, करावं, करावं, करावं. पुढच्या जानेवारीत लग्न. रकाने वाचून कुणाला वाटणार नाही की हा निर्णय रकान्यांमुळे झाला.

शंकासुर | बुधवार, सकाळी 9:24

"कुत्र्यापेक्षा बरी" हे बायकोला वाचून दाखवलं. आजचा चहा मी केला.

चष्मेबद्दूर | बुधवार, सकाळी 11:10

मनमोकळींच्या शंकेला प्रयोगाचा आधार आहे. टिमथी विल्सन यांनी 1993 मध्ये लोकांना पोस्टर निवडायला सांगितलं. काहींना आधी आवडी-नावडीची कारणं लिहायला लावली. कारणं लिहिणाऱ्यांनी वेगळी पोस्टर निवडली आणि तीन आठवड्यांनी तेच आपल्या निवडीवर कमी खूश होते. शब्दांत मांडायला सोपी असतात ती कारणं पुढे सरकतात, खरी मागे राहतात.

डार्विनचीच दुसरी सवय मला जास्त कामाची वाटते. आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की तो ती ताबडतोब टिपून ठेवायचा. अनुकूल गोष्टींपेक्षा प्रतिकूल गोष्टी फार लवकर विसरल्या जातात असा त्याचा अनुभव होता, आत्मचरित्रात त्यानं तसं लिहिलंय.

अर्धविराम ताई, कुठे आहात? तुमच्या त्या वाक्याविरुद्ध जाणारं काय काय आहे ते लिहून बघाल का? वाक्य खोटं ठरवायला नव्हे. नुसतं बघायला.

अर्धविराम | गुरुवार, रात्री 11:58

आहे, आहे. वाचत होते सगळं. कामाची गडबड होती आणि चष्मेबद्दूर यांचा गृहपाठही करत होते.

मोठे म्हणावेत असे निर्णय लिहिले आणि समोर "कुणी घेतला". विज्ञान सोडून वाणिज्य घेतलं: बाबांनी. पहिली नोकरी: मामाच्या ओळखीनं. परगावची संधी नाकारली: सासऱ्यांच्या आजारपणामुळे. मधली दोन वर्षं घरी: मुलीसाठी. इथपर्यंत माझं वाक्य पक्कं उभं होतं. मग तिरकेबुवांचं ऐकून पहिला प्रसंग बाबांच्या तोंडून लिहायला घेतला. जमेना, कारण ते काय म्हणाले होते ते मला आठवतच नव्हतं. म्हणून भावाला फोन केला.

तो हसायलाच लागला. म्हणे, बाबांना तू विज्ञानच घ्यायला हवी होतीस, तूच दोन दिवस कुणाशी बोलली नाहीस. प्रयोगशाळेत तुला मळमळायचं. फॉर्म भरून झाल्यावर बाबांनी सही केली, एवढाच त्यांचा सहभाग.

मी त्याच्याशी भांडले. अर्थात. मग आईला विचारलं. तिचं तिसरंच. ती म्हणते, दोघांचं नव्हे, शाळेतल्या बाईंनी घरी येऊन समजावलं होतं.

आता त्या रकान्यात काय लिहू? कोडगा म्हणतात तसं तेव्हाची नोंद असती तर बरं झालं असतं, पण नाहीये. बाकीच्यांत सासऱ्यांच्या वेळचा निर्णय खरंच माझा नव्हता, तिथे मी काहीही केलं तरी वाक्य हलत नाही. मुलीसाठी घरी राहिले तो मात्र माझाच होता, आणि तेव्हा सगळे नको म्हणत होते हे मी सोयीनं विसरले होते. म्हणजे "सगळे" हा शब्द गेला. "काही" उरला.

शंकासुर | शुक्रवार, सकाळी 8:40

चांगलं झालं, मनापासून. पण खडूसपणा माझ्या रक्तातच आहे म्हणून विचारतो. "सगळे" चं "काही" झालं. पुढे काय? नोकरी सोडायची की नाही, याचं उत्तर त्यात कुठे आहे? शब्द बदलला, महिन्याचा खर्च तोच.

चष्मेबद्दूर | शुक्रवार, सकाळी 9:15

उत्तर त्यात नाहीच. ते वाक्य वाट अडवून बसलं होतं, आता बाजूला सरलं. पुढे चालायचं ते पायांनीच.

आणि इथेच बहुतेक जण घसरतात. पुढचं प्रकरण इतकं सुंदर रंगवतात की ते रंगवण्यातच समाधान मिळतं. गाब्रिएल ओटिंगन यांनी हे तपासलंय. नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांपैकी जे यशाची गोडगोड दिवास्वप्नं जास्त पाहत होते, त्यांना दोन वर्षांनी नोकरीचे देकार कमी आलेले आणि पगारही कमी. म्हणून त्या सांगतात की इच्छेशेजारी लगेच अडथळा लिहा. बाहेरचा नव्हे, स्वतःच्या आतला.

रातराणी | शुक्रवार, सकाळी 9:50

शंकासुरांना उत्तर म्हणून नाही, पण "पुढे काय" हा प्रश्न प्रत्येक वेळी लागतोच असं नाही. हा धागा वाचून काल वही माळ्यावरून काढली. उघडली नाही. टेबलावर आहे.

कोडगा | शुक्रवार, सकाळी 10:30

अर्धविराम, नोकरी सोडणं आणि न सोडणं यांच्या मधे बरीच जागा असते. शनिवार-रविवारी चार-पाच मुलांना शिकवून बघा. पण सुरू करायच्या आधी दोन ओळी लिहून ठेवा, काय होईल असं वाटतंय आणि काय झालं तर हा नाद सोडाल. दुसरी ओळ आत्ताच लिहायची. नंतर लिहिली तर तुम्ही वकील झालेल्या असाल.

मनमोकळी | शुक्रवार, सकाळी 11:02

पण पहिले काही आठवडे सगळंच छान वाटतं. नव्याची नवलाई. त्यावरून कळणार काय?

तिरका_डोळा | शुक्रवार, सकाळी 11:20

म्हणून पहिल्या प्रयोगाचं परीक्षण वाचायचं नाही. पंचविसाव्या प्रयोगाला नटाला बुधवारी दुपारी रिकाम्या खुर्च्यांपुढे काम करावंसं वाटतं का, ते बघायचं.

अर्धविराम | शनिवार, रात्री 9:30

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची मुलगी आणि तिच्या मैत्रिणी, अशी छोटी तुकडी ठरलीय. पुढच्या शनिवारपासून.

आतला अडथळा लिहायला वेळ लागला. पैसे, घर, वय हे सगळं आधी लिहून खोडलं. शेवटी उरलं ते हे: "मला न येणारी शंका एखाद्या मुलीनं विचारली तर?" ऑफिसात नवी मुलं माझ्यापेक्षा हाताखालची असतात, तिथे ही भीती नाही.

कोडगा यांच्या दोन ओळी अशा. काय होईल: शिकवताना मजा येईल, परीक्षेचे पेपर तपासताना येणार नाही. काय झालं तर सोडेन: तीन महिन्यांनी आदल्या रात्री तयारीला बसायचा कंटाळा येत असेल तर. तारीख टाकलीय आणि पान भावाकडे फोटो काढून पाठवलंय, कारण आठवणींच्या बाबतीत त्याला माझ्यावर काडीचा विश्वास नाही.

जुना_जाणता | शनिवार, रात्री 10:05

तयारीला किती वेळ लागला तेही रोज लिहा. शिकवणारे फक्त वर्गातला वेळ धरतात, तिथे हिशेब चुकतो. तुम्हाला हिशेब सांगणारा मी कोण, पण तरी.

अर्धविराम | शनिवार, रात्री 10:12

लिहिते काका. रकाना पाडलाय.